हलकं कुणासाठी?

संगणकाला न झिजता म्हातारपण येतं. सायकलची चेन सैल होते, छत्रीची काडी मोडते, पितळेच्या पातेल्याची कल्हई उडते. वस्तू जुनी झाली हे डोळ्यांना दिसतं, हाताला कळतं. आमच्या कराडच्या घरातला पीसी २००९ साली असेंबल करून आणलेला आहे. त्यातला दोन कोअरचा पेन्टियम त्या वर्षी सेकंदाला जेवढी गणितं करायचा तेवढीच आजही करतो. पंखा थोडा घरघरतो. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती, ती मी बदलली. बाकी सगळं जागच्या जागी आहे. तरीही तो 'जुना' आहे याबद्दल घरात, शेजारी, दुरुस्तीच्या दुकानात कुणालाच शंका नाही. मग या सोळा वर्षांत त्याचं नक्की काय झालं?

त्याच्याकडून होणाऱ्या अपेक्षा वाढल्या, एवढंच झालं.

दुकानदाराने त्यावर एक्सपी 'टाकून' दिली होती. ('विंडोज मारून देतो' हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्यांना ती कुठून यायची हे वेगळं सांगायला नको.) एक्सपीला मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला थांबल्या. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली, विंडोज १० ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर ठरावीक यादीतला लागतो. आमच्याकडे २ जीबी रॅम आहे आणि बाकीचं दोन्ही नाही. म्हणजे या वस्तूचं मरण तिच्या पोटात नव्हतं, कुठल्यातरी लांबच्या कॅलेंडरात होतं. ते कॅलेंडर कराडच्या भिंतीवर कधी टांगलेलं नव्हतं.

यात निव्वळ लबाडी आहे असं म्हणून मोकळं होता येतं, पण मी याच धंद्यात आहे, त्यामुळे तेवढं सोपं उत्तर मला पटत नाही. जुन्या आवृत्तीला दुरुस्त्या पुरवत राहायला माणसं लागतात, चाचण्या लागतात, पैसे लागतात. कुठेतरी थांबावं लागतं. माझा प्रश्न वेगळा आहे. थांबायचं कुठे हे ठरवताना हिशेबात कोण धरलं जातं?

निक्लाउस विर्थ हे पास्कल या भाषेचे जनक. १९९५ साली त्यांनी सडपातळ सॉफ्टवेअरसाठी कळकळीची विनंती करणारा एक लेख लिहिला. हार्डवेअर ज्या वेगाने जलद होतंय त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंद होतंय, हे त्यातलं निरीक्षण आज विर्थचा नियम म्हणून ओळखलं जातं. विर्थनी स्वतः त्याचं श्रेय मार्टिन रायझर या सहकाऱ्याला दिलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी टेक्स्ट एडिटर ८,००० बाइटमध्ये बसायचा, आता त्याला शंभरपट जागा लागते, अशी त्यांची तक्रार होती. विर्थ १ जानेवारी २०२४ ला गेले. मी ऑफिसात ज्या एडिटरमध्ये कोड लिहिते, तो एकही फाइल न उघडता काहीशे एमबी रॅम घेऊन बसतो. शंभरपटीची तक्रार आज कुणी केली तर आम्ही त्याच्या काटकसरीचं कौतुक करू.

हे असं का होतं, ते धंद्यातल्या माणसाला विचारा. आमच्या कामात इंजिनिअरचा तास महाग असतो आणि वापरणाऱ्याची रॅम फुकट असते. फुकट म्हणजे आम्हाला फुकट. एखादं पान अर्ध्या आकारात बसवायला एका माणसाचे चार दिवस जाणार असतील, तर ते चार दिवस कंपनीच्या खर्चात दिसतात. ते पान लाखभर लोकांच्या फोनवर दोन सेकंद जास्त अडकलं, तर ते दोन लाख सेकंद कुठल्याच खात्यावर पडत नाहीत. आमच्यातल्या बहुतेकांकडे १६ किंवा ३२ जीबीचे लॅपटॉप असतात, त्यामुळे ते अडकणं आमच्यापर्यंत पोचतही नाही. कारखान्याच्या धुराड्याबद्दल हा युक्तिवाद आपण शाळेत शिकलेलो असतो. नफा आत राहतो आणि धूर गावावर जातो. सॉफ्टवेअरच्या वजनाबद्दल तसं बोलायची सवय अजून आपल्याला लागलेली नाही.

आता पीसीकडे येते. बाबा सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले. घराजवळच्या एका छोट्या सार्वजनिक वाचनालयाचं काम ते विनामोबदला बघतात. दाखल पुस्तकांच्या नोंदी, वर्गणी, वर्षअखेरीचा अहवाल एवढंच काम, पण ते रोज तास-दोन तास चालतं. मी नवा लॅपटॉप घेऊन देते म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "ह्याला काय झालंय? चालतंय की." चालत होतं, पण चालू व्हायला सात-आठ मिनिटं लागत होती. त्यावरच्या विंडोजला कित्येक वर्षांत एकही सुरक्षा दुरुस्ती मिळालेली नव्हती आणि त्याच ब्राउझरमधून ते बँकेची साइट उघडत होते. म्हणून दोन शनिवार-रविवार मी हलक्या लिनक्स डिस्ट्रो टाकून बघत बसले.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: लिनक्स हा गाभा, म्हणजे कर्नल. त्याच्याभोवती खिडक्या, मेनू, फाइली बघायची सोय, ब्राउझर वगैरे बांधून तयार केलेलं जे गाठोडं आपण उतरवून घेतो, ती डिस्ट्रो. गाठोड्यात काय बांधायचं हे बांधणारा ठरवतो. हलकी डिस्ट्रो म्हणजे ज्याने काय बांधायचं नाही यावर जास्त विचार केलाय त्याचं गाठोडं.

यातल्या काही गाठोड्यांचं मला खरंच कौतुक वाटतं. टायनी कोअर ही अख्खी, खिडक्यांसकट, वीस-पंचवीस एमबीत बसते. आपण सणाला एकमेकांना पाठवतो त्या व्हिडिओएवढी. तिला किमान ४६ एमबी रॅम पुरते. पपी लिनक्स ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केली. ती पेनड्राइव्हवरून उठून सगळीच्या सगळी रॅममध्ये जाऊन बसते, त्यामुळे हार्ड डिस्क मेलेल्या मशीनवरही चालते. अँटीएक्स ग्रीसमधून येते. तिचा कर्ता अँटीकॅपिटलिस्टा या टोपणनावाने वावरतो आणि आवृत्त्यांना अन्यायाशी लढलेल्यांची नावं देतो. १९ व्या आवृत्तीला मारिएल फ्रँको यांचं नाव आहे. रिओ दि जानेरोच्या या नगरसेविकेची २०१८ मध्ये गोळ्या घालून हत्या झाली. जुन्या मशीनवर चालेल असं सॉफ्टवेअर बांधणं हे राजकीय काम आहे असं उघड म्हणणारी ही डिस्ट्रो आहे. घोषणा बाजूला ठेवल्या तरी ती आमच्या पीसीवर दोनशे एमबीच्या आत उठून बसली, हे त्या घोषणांपेक्षा मला जास्त बोलकं वाटलं. लुबंटू आणि एक्सएफसीई लावलेली डेबियन या त्या मानाने अंगाने भरलेल्या, चार-पाचशे एमबीच्या आसपास.

मधेच एक शोध लागला. पेन्टियम ६४-बिट होता. दुकानदाराने ३२-बिट एक्सपी टाकल्यामुळे ही गोष्ट सोळा वर्षं घरात कुणालाच माहीत नव्हती. वस्तूला 'म्हातारी' ठरवताना तिची अर्धी ताकद कधी वापरलीच गेली नव्हती. आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण लिनक्सचे भक्त ती सांगत नाहीत. वेगातला सगळ्यात मोठा फरक लिनक्सने पडला नाही. जुनी हार्ड डिस्क काढून १२० जीबीची साधी एसएसडी लावल्यावर पडला.

मग ब्राउझर उघडला आणि सगळी स्पर्धा संपली. टायनी कोअर असो की डेबियन, एखादी बातम्यांची साइट उघडली की एकच टॅब चार-पाचशे एमबी मागतो. तीन टॅब उघडले की २ जीबी भरली. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मोठ्या कष्टाने वाचवलेले तीनशे एमबी एका जाहिरातीच्या व्हिडिओत जातात. हलकी डिस्ट्रो हे अशा वेळी स्वतःचं पोट मारून पाहुण्याला वाढण्यासारखं होतं, आणि पाहुणा आमच्याच धंद्यातला.

पण मला ज्याबद्दल लिहायचंय ते यानंतर घडलं.

पहिल्या शनिवारी रात्री मी त्यातल्या सगळ्यात हलक्या डिस्ट्रोवर बाबांची पुस्तकांची यादी उघडली. सगळीकडे चौकोन. रांगेने, शिस्तीत, रिकामे चौकोन. डिस्ट्रोत देवनागरी फाँटच नव्हता. बांधणाऱ्याने वजन कमी करताना तो काढला होता, किंवा त्याच्या मनात तो कधी आलाच नव्हता. दुसरं जास्त खरं असावं. फाँटची फाइल असते काहीशे केबींची, म्हणजे डिस्ट्रोबरोबर येणाऱ्या एखाद्या वॉलपेपरएवढी. वॉलपेपर ठेवला होता.

फाँट टाकणं दोन मिनिटांचं काम. पुढे कळपाट. इनस्क्रिप्ट मराठी जवळजवळ प्रत्येक लिनक्सबरोबर आपोआप येते, पण बाबांची बोटं टंकलेखनाच्या परीक्षेच्या वेळी वळली ती टाइपरायटरच्या, रेमिंग्टन धर्तीच्या कळपाटीवर. ती चालवायला आयबससारखी वेगळी इनपुट यंत्रणा मागे सतत चालू ठेवावी लागते. ती काही एमबी खाते, म्हणून हलक्या डिस्ट्रोंमध्ये सहसा नसते. इंग्रजी टाइप करणाऱ्याला तिची गरज नाही, मग ते 'ओझं'. बाबांना तिच्याशिवाय स्वतःचं नावही टाइप करता येत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात किचकट. २०१० च्या आसपासच्या याद्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये होत्या. ज्यांचं वय पंचविशीच्या आत आहे त्यांना हे कदाचित कधी दिसलं नसेल. त्या काळी फाइलमध्ये 'क' असा काही साठवलेला नसायचा. साठवलेलं असायचं एखादं इंग्रजी अक्षर किंवा टिंब-टोप्या लावलेलं युरोपीय अक्षर, आणि फाँट त्या जागी 'क' चं चित्र काढायचा. फाँट नसेल तर पडद्यावर नुसता अक्षरांचा पाला दिसतो. फाइल शाबूत, मजकूर शाबूत, पण वाचता येत नाही. जुन्या हार्ड डिस्कवरून फाँटची फाइल आणून टाकल्यावर पुस्तकांची नावं परत दिसू लागली. ते बघताना मला जो आनंद झाला तो डिस्ट्रो दोनशे एमबीत बसल्याच्या आनंदाहून बराच मोठा होता.

तर 'हलकं' हा गुण कुणाच्या नजरेतून? कुठलीही हलकी वस्तू करताना कुणीतरी एक यादी करतो, हे गरजेचं आणि हे फाजील. त्या यादीच्या मागे एक कल्पनेतला माणूस उभा असतो. हलक्या डिस्ट्रोंमागचा माणूस बहुधा इंग्रजी वाचतो, टर्मिनलला घाबरत नाही, आणि जुनं मशीन ही त्याची हौस आहे, गरज नाही. त्याच्यासाठी गाठोडं खरंच हलकं आहे. भारी सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या रॅमवर ओझं टाकतं हे मी वर म्हटलं. हलकं सॉफ्टवेअर ते कधीकधी वापरणाऱ्याच्या डोक्यावर टाकतं. दोन्हीकडे ठरवणारा वेगळा आणि उचलणारा वेगळा.

आपल्याकडे अपरिग्रहाला मोठा मान आहे. हलक्या डिस्ट्रोंबद्दल बोलतानाही लोकांच्या आवाजात तसाच एक संन्याशाचा सूर लागतो: आमच्याकडे हे नाही, ते नाही, मेनूला चित्रंसुद्धा नाहीत. मला तो सूर खुपतो. संन्याशाने स्वतःचं धोतर सोडावं. दुसऱ्याची लिपी सोडून देणं हा त्याग नव्हे, ती गैरहजेरी आहे. मुद्दाम केलेली नसेल, पण ज्याच्या पडद्यावर चौकोन येतात त्याला त्या फरकाचा उपयोग नाही.

याला उत्तर असं देता येईल, आणि ते बऱ्यापैकी चांगलं उत्तर आहे: ही माणसं फुकट काम करतात. पपी किंवा अँटीएक्स बांधणाऱ्याचा मी एक रुपया देणं लागत नाही, तर त्याने माझ्या वडिलांची कळपाट लक्षात ठेवावी ही अपेक्षा मी कुठल्या तोंडाने करू? शिवाय फाँट मला टाकता आला. कुणी अडवलं नाही, परवाना मागितला नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये 'नाही' म्हणणारा दाराला कुलूप लावत नाही.

हा फरक खरा आहे आणि मोठा आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनक्स लिहायला घेतलं ते स्वतःच्या ३८६ पीसीसाठी. त्याच लिनक्सने २०१३ साली आलेल्या ३.८ या आवृत्तीत ३८६ चा आधार काढून टाकला. ज्या अंगणात जन्म झाला तेच अंगण. डेबियनच्या ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत जुन्या ३२-बिट पीसींसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल देणं थांबलं. फायरफॉक्सनेही ३२-बिट लिनक्सचा निरोप घेतला, क्रोमने तर तो २०१६ मध्येच घेतला होता. म्हणजे प्रेमाने चालवलेल्या जगातही वस्तू म्हाताऱ्या ठरतात. मात्र ३८६ चा सगळा जुना कोड आजही जसाच्या तसा उपलब्ध आहे. उद्या कुणाला हवंच असेल तर तो उचलून पुढे नेऊ शकतो. कुणी नेत नाही, कारण कुणाला हवं नाही. 'आम्ही थांबतो, तुम्ही न्या' आणि 'आम्ही थांबलो, आता तुम्हीही थांबा' यांना एकाच मापाने मोजणं अन्याय होईल.

पण उघडं दार आणि दारातून जाता येणं या दोन गोष्टी आहेत. मला फाँट टाकता आला कारण मी चार वर्षं इंजिनिअरिंग शिकले आणि रोज हेच करते. बाबा एकटे असते तर ते त्या चौकोनांसमोर बसले असते, आणि सोमवारी नाइलाजाने नवा लॅपटॉप घ्यायला तयार झाले असते. मुक्त सॉफ्टवेअरचं स्वातंत्र्य घरात एक इंजिनिअर असण्यावर टांगलेलं असेल, तर ते थोडंफार वारसाहक्कासारखंच झालं. केरळने आपल्या सरकारी शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर नेलं तेव्हा नुसती डिस्ट्रो दिली नाही. मल्याळमची सोय असलेली डिस्ट्रो दिली आणि शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. मला वाटतं तिथे कोड जेवढा महत्त्वाचा होता तेवढेच ते प्रशिक्षणाचे वर्गही.

पर्यावरणाचा मुद्दा राहिला. तो लोक फार सोपा करून सांगतात. जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला एक चतुर्थांशही रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद नाही. तेव्हा जुनं वापरत राहणं पुण्याचं, असं वाटतं. मी गणित करून बघितलं. आमचा पीसी मॉनिटरसकट साधारण ७५ वॅट खातो असं धरलं आणि रोज दोन तास चालला, तर वर्षाला ५५ युनिट होतात. नवा लॅपटॉप २० वॅटमध्ये तेच काम १५ युनिटमध्ये करेल. फरक ४० युनिटचा. आपल्याकडे एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे वर्षाला २८ किलो. उलट बाजूला नवा लॅपटॉप तयार होतानाच सुमारे दोनशे किलो निघतो असं धरलं, तर जुना पीसी सात वर्षं पुढे आहे. पण हाच पीसी एखाद्या सायबर कॅफेत रोज दहा तास चालला, तर दीड वर्षाच्या आत पारडं फिरतं. आणि कुणाचा तरी वापरलेला लॅपटॉप घेतला तर हे सगळं गणितच मोडतं. 'जुनं ते सोनं' हे सोन्याबद्दल खरं असेल. पीसीबद्दल ते रोज किती तास यावर ठरतं.

माझ्या वेळेचं गणितही एका मित्राने मांडलं. दोन वीकेंड, तुझ्या पगाराने भागिले, तेवढ्यात दोन सेकंड हँड लॅपटॉप आले असते. बरोबर आहे. फक्त त्या गणितात शनिवारचा तास ऑफिसच्या तासाच्या भावाने विकला जातो असं गृहीत आहे, आणि माझा शनिवार कुणी विकत घेत नाही. त्याहून टोचणारा प्रश्न आईने विचारला. ती चहा ठेवायला आली आणि म्हणाली, "हे तू त्यांच्यासाठी करतेयस का तुझ्यासाठी?" हा प्रश्न मला रास्त वाटतो. डिस्ट्रोमागून डिस्ट्रो टाकण्यात मला जी मजा येत होती तिचा वाचनालयाशी काही संबंध नव्हता. बाबांना मेनू डाव्या कोपऱ्यात हवा होता आणि प्रिंटर चालायला हवा होता. चांगुलपणा आणि हौस एकाच खुर्चीत बसले होते. खुर्ची बाबांची होती, आणि चार दिवस ती त्यांना मिळाली नाही.

म्हणून शेवटी मी सगळ्यात हलकी डिस्ट्रो ठेवली नाही. डेबियन ठेवली, एक्सएफसीईसकट, आयबससकट, मराठी फाँट आणि मराठी मेनूसकट. उठल्यावर साडेपाचशे एमबी जाते. टायनी कोअरच्या तुलनेत हा उधळेपणा आहे. पण ती साडेपाचशे एमबी कशासाठी जाते हे मला माहीत आहे आणि त्यातली निम्मी एका विशिष्ट माणसाच्या बोटांसाठी जाते. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकल्यावर दोन टॅब सुखाने चालतात. तिसरा उघडायचा नाही हे बाबांनी स्वतःच एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलंय.

हे तुम्ही बहुधा फोनवर वाचताय, म्हणून एक गोष्ट तुमच्याबद्दलही. पीसीचं सोळावं वर्ष मला वाचवता आलं, कारण पीसीवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. हातातल्या फोनचं तसं नाही. त्याच्या अपडेट थांबल्या की बहुतेक वेळा बूटलोडर बंद असतो, आतल्या चिपचे ड्रायव्हर उघडे नसतात. पोस्टमार्केटओएस नावाचा एक प्रकल्प २०१७ पासून फोनला दहा वर्षांचं आयुष्य द्यायचं म्हणून झटतोय. त्याच्या पायाशी अल्पाइन ही एक हलकी लिनक्स डिस्ट्रोच आहे. पण त्यावर सगळ्या गोष्टी नीट चालतात असे फोन अजून मोजके आहेत. आमच्या पिढीची बहुतेक 'जुनी यंत्रं' फोन असतील, आणि त्यांची दारं पीसीपेक्षा घट्ट लावलेली आहेत. ती तशी का असावीत याचं सुरक्षेपलीकडचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

बाबांच्या जुन्या याद्यांचं काम अजून चालू आहे. युनिकोडमध्ये आणण्यासाठी मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं बरोबर उलटं. हे अदलाबदल स्क्रिप्ट करते, पण जोडाक्षरात अडखळते, आणि 'ऱ्या' दिसला की तर हमखास. ते बाबा हाताने दुरुस्त करतात. रोज संध्याकाळी दाखल रजिस्टरचं एक पान शेजारी उघडं ठेवून, ओळ जुळवत. परवा त्यांनी फोन केला. एका पुस्तकाचं नाव स्क्रिप्टने बरोबर आणलंय पण रजिस्टरमध्येच २०१० साली चुकीचं लिहिलंय, तर आता पीसीत कुठलं ठेवायचं, असं विचारत होते. मी म्हटलं, कपाटातलं पुस्तक बघा. पुस्तक कुणीतरी घरी वाचायला नेलंय.